तीन जहाजे, एक नाव

दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आला की आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत एक पोस्टर निघते. कार्डशीट नवी असते, मजकूर तोच. वर 'मुस्लीम सायन्सदाँ' असे मोठ्या अक्षरांत, खाली अल्-ख्वारिज्मी, इब्न सीना, इब्न अल्-हैसम, अल्-बिरूनी. मग थोडी मोकळी जागा आणि एकदम डॉ. अब्दुल कलाम. मी या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूचे तासही घेते. पोस्टरवरचे शुद्धलेखन तपासणे हे माझे काम. दोन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी ते पोस्टर बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, मधे हजार वर्षं सुट्टी होती का?"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी येताना तो प्रश्न पायाला बांधल्यासारखा सोबत आला. अल्-बिरूनी अकराव्या शतकातले, कलाम विसाव्या शतकातले. मधल्या काळात आपली माणसे काय करत होती? त्याहून अवघड प्रश्न असा, की हे पोस्टर मुलांना नेमके काय शिकवते? कधीतरी फार पूर्वी, फार दूर, फार मोठी माणसे होऊन गेली, एवढेच. आमच्या शाळेच्या मागच्या खिडकीतून खाडी दिसते आणि भरतीच्या वेळी वर्गात खारा वास येतो. त्या पाण्यावर कोणी विज्ञान केले आहे का, हे त्या पोस्टरवर कुठेच नाही.

म्हणून मी समुद्रापासूनच सुरुवात केली. महिनाभर जमेल तसे वाचत गेले आणि तीन जहाजांपाशी येऊन थांबले. एक इंग्रजांचे, एक इजिप्तचे आणि एक आपल्या स्वतंत्र भारताचे. तिघांनी याच समुद्रावर काम केले. भाषा शिकवणाऱ्या बाईला आधी दिसली ती त्यांची नावे. 'इन्व्हेस्टिगेटर', 'मबाहिस' आणि 'गवेषणी'. तीन भाषांतली तीन नावे, पण अर्थ एकच : शोध घेणारे.

पहिले जहाज : इन्व्हेस्टिगेटर

हे जहाज बांधले गेले मुंबईच्या गोदीत, १८८१ साली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यांचे आणि आसपासच्या समुद्राचे नकाशे करण्यासाठी इंग्रज सरकारने १८७४ मध्ये सागरी सर्वेक्षण खाते काढले होते. इन्व्हेस्टिगेटर त्या खात्याचे. मुख्य काम मोजणीचे. कुठे किती वाव पाणी आहे, कुठे खडक आहे, कुठे वाळू आहे, हे नकाशावर मांडायचे, म्हणजे व्यापारी आणि लढाऊ जहाजे सुखरूप जातील. विज्ञान हा या कामातला जोडधंदा होता. जहाजावर एक डॉक्टर लागतच असे. त्यालाच निसर्गतज्ज्ञही नेमायचे आणि मोजणीतून वेळ मिळेल तेव्हा त्याने जाळे टाकून खोल पाण्यातले जीव गोळा करायचे, अशी ती योजना होती.

या पदावरचे सर्वांत गाजलेले नाव आल्फ्रेड अल्कॉक. ते १८८८ मध्ये जहाजावर आले आणि चार वर्षे राहिले. त्या काळात अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, अंदमान, लक्षद्वीप या भागांतून खोल पाण्यातले मासे, खेकडे, कोळंबी, प्रवाळ असे कितीतरी प्राणी पहिल्यांदाच माणसाच्या हाती लागले. काही जाळी हजार वावांहून खोल गेली होती. एक वाव म्हणजे सहा फूट, तेव्हा हजार वाव म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जात. तिथे त्यांची चित्रे काढली जात आणि ती चित्रे छापून जगभरच्या अभ्यासकांकडे जात. पुढे १९०२ मध्ये अल्कॉक यांनी या सगळ्या अनुभवावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

या इतिहासात नावे कशी टिकली ते बघण्यासारखे आहे. साहेबांची नावे राहिली, त्यांच्या नावाने प्राण्यांची नावे ठेवली गेली. जहाजाचे नावही राहिले. खोल पाण्यातल्या कितीतरी जिवांच्या शास्त्रीय नावात आजही 'इन्व्हेस्टिगेटोरिस' असा शब्द असतो. चित्रे काढणारे बंगाली चित्रकार ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल यांची नावेही चित्रांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आहेत. नाहीत ती जाळे ओढणाऱ्यांची.

आणि जाळे ओढणे म्हणजे काय, हे कोकणात सांगायला नको. इथे तर ते दोन किलोमीटर खोलीवरचे जाळे. तळावर पोहोचायला हवे म्हणून दोर त्याहून लांब सोडायचा. वाफेच्या यंत्रावर गुंडाळताना तो एकसारखा बसतो की नाही, ताण वाढतो का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचे. जाळे तळाच्या खडकात अडकले आणि दोर तुटला तर दिवस फुकट जातो. सुटलेला दोर माणसाला लागला तर जीवही जातो. हे काम सारंगाचे, टिंडालाचे आणि त्यांच्या हाताखालच्या खलाशांचे. खाली भट्टीशी आगवाले, सुकाणूवर सुकाणी, चुलीशी भंडारी. सरकारी सागरी दलाच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा, त्यातही कोकणी मुसलमानांचा, मोठा भरणा होता, हे इतिहासात नोंदलेले आहे. पण ती नोंद एका जमातीची आहे. त्यात कोणा माणसाचे नाव नाही.

हे लिहिताना मला माझे घर आठवते. माझे दादा (म्हणजे आजोबा, मराठी वाचकांनी थोरला भाऊ समजू नये) व्यापारी जहाजांवर खलाशी होते. त्यांची नली, म्हणजे खलाशाचे नोकरीचे पुस्तक, अजून आमच्या पेटीत आहे. प्रत्येक पानावर जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि पुढे वर्तणुकीचा शिक्का : 'व्हेरी गुड'. अठ्ठावीस वर्षांची नोकरी आणि सगळीकडे व्हेरी गुड. दादा सांगायचे, की त्यांचे आजोबा 'मोजणीच्या बोटी'वर होते आणि तिथले साहेब माशांना बाटलीत भरून ठेवत. आम्ही मुले हसायचो. मासे खायचे सोडून बाटलीत कोण भरेल? आज वाटते, ती गोष्ट खरी असेल. पण त्याचा एकही कागद आमच्याकडे नाही, म्हणून मी ती इतिहास म्हणून सांगत नाही. घरातली आठवण म्हणून सांगते. आठवण आणि इतिहास यांत फरक ठेवायला आपण शिकलो नाही, तर उद्या कोणीही उठून काहीही आपल्या नावावर करील, आणि दुसऱ्याचे नाव पुसायलाही आपल्याला काही वाटणार नाही.

दुसरे जहाज : मबाहिस

मबाहिस हा अरबी शब्द. उर्दू वाचणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल, कारण त्याचे मूळ तेच आहे जे आपल्या 'बहस'चे आहे. अरबीत 'बहस' म्हणजे शोध, संशोधन. विद्यापीठातल्या प्रबंधालाही अरब लोक बहसच म्हणतात. हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ वादविवाद असा झाला. बहस-मुबाहिसा. म्हणजे शोध मागे राहिला आणि तंटा पुढे आला. यावर पुन्हा बोलू.

हे जहाज इजिप्त सरकारने १९३० साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे बांधून घेतले. लांबी अवघी १३८ फूट, म्हणजे ४२ मीटर. मासेमारी आणि किनाऱ्याच्या अभ्यासासाठी ते होते. पण १९३३ मध्ये त्याच्यावर मोठी कामगिरी आली. तिची गोष्ट सुरू होते जॉन मरे यांच्यापासून. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांचा अभ्यास केला. मरे त्या सफरीतले शास्त्रज्ञ. पुढे हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरून आलेल्या खडकात त्यांना फॉस्फेट दिसले, त्याच्या खाणी निघाल्या आणि त्यांतून त्यांनी बरेच पैसे मिळवले. १९१४ मध्ये ते वारले. समुद्रविज्ञानासाठी त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून हिंदी महासागराची सफर ठरली. पैसा होता, शास्त्रज्ञ होते, जहाज नव्हते. इजिप्तने आपले मबाहिस खलाशांसह दिले.

सफरीचे प्रमुख सेमूर सेवेल. हे पूर्वी इन्व्हेस्टिगेटर नावाच्याच जहाजावर डॉक्टर आणि निसर्गतज्ज्ञ होते (पहिले जहाज जुने झाल्यावर त्याच नावाचे दुसरे आले होते) आणि नंतर भारताच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षणाचे संचालक झाले. म्हणजे पहिल्या नावातला माणूसच दुसऱ्या नावापर्यंत पोहोचला. कप्तान मॅकेन्झी इंग्रज, बहुतेक शास्त्रज्ञ इंग्रज, खलाशी इजिप्तचे. इथवर गोष्ट जुनीच वाटते. पण या वेळी शास्त्रज्ञांच्या यादीत दोन इजिप्शियन होते. एक अब्देल फत्ताह मोहम्मद. त्यांचे काम पाण्याच्या भौतिक आणि रासायनिक तपासणीचे. दुसरे हुसेन फौजी, जहाजाचे डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञ. अब्देल फत्ताह यांनी पुढे अलेक्झांड्रिया विद्यापीठात समुद्रशास्त्र शिकवले. फौजी अरबीतले नावाजलेले लेखक झाले. या सफरीवर त्यांनी १९३८ मध्ये पुस्तक लिहिले आणि स्वतःला आजच्या काळातला सिंदबाद म्हणवून घेतले. आपण सिंदबादच्या गोष्टी वाचून थांबतो. या माणसाने सिंदबादच्या वाटेवर जाऊन पाणी तपासले.

३ सप्टेंबर १९३३ रोजी मबाहिस अलेक्झांड्रियाहून निघाले आणि २५ मे १९३४ रोजी परत आले. जवळपास नऊ महिने तांबडा समुद्र, एडनचे आखात, अरबी समुद्र, ओमानचे आखात, आफ्रिकेचा किनारा, मालदीव असे काम चालले. त्यांच्याकडे प्रतिध्वनीवरून खोली मोजणारे यंत्र होते. आवाज तळाकडे सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून खोली काढायची. दोरी सोडून एकेक ठिकाण मोजण्याचे दिवस संपत आले होते. या यंत्राने अरबी समुद्राच्या तळावरचा एक डोंगर सापडला. त्याला आज मरे रिज म्हणतात. कार्ल्सबर्ग रिज नावाची समुद्रातली मोठी डोंगररांग डॅनिश लोकांना आधी सापडली होती. मबाहिसने ती मोजली आणि तिच्या माथ्यावर लांबच लांब घळ आहे, हे दाखवले. डोंगराच्या माथ्यावर घळ का असावी? उत्तर मिळायला तीस वर्षे लागली. १९६२ मध्ये 'ओवेन' या ब्रिटिश जहाजाने याच कार्ल्सबर्ग रिजवर चुंबकीय मोजणी केली. तिच्या आधारे व्हाईन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये मांडले, की समुद्राचा तळ अशा रिजपाशी नव्याने तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. आज दहावीचा विद्यार्थी भूखंड सरकतात म्हणून लिहितो, त्या विचाराचा एक मोठा पुरावा आपल्या या समुद्रातून निघाला आहे.

दुसरा शोध आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना जास्त जवळचा. अरबी समुद्रात वरचे थोडे पाणी सोडले, की शंभरेक मीटरपासून हजार मीटरच्याही खाली एक थर असा आहे जिथे प्राणवायू जवळजवळ नाही. मबाहिसच्या बाटल्यांनी तो दाखवला. ओमानच्या बाजूला या थरातल्या तळावरून जाळे वर आले, तर त्यात जिवंत काही नव्हते. काही ठिकाणी चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास होता. रिकामे जाळे वर आले, की कोळी कपाळाला हात लावतो. शास्त्रज्ञ त्याची नोंद करतो. रिकामे जाळे हेही उत्तर असते, ही गोष्ट मी आता वर्गात मुद्दाम सांगते.

तिसरे जहाज : गवेषणी

स्वातंत्र्यानंतर १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनभराहून अधिक देश आणि चाळीसच्या आसपास जहाजे तिच्यात होती. भारताकडून नौदलाचे 'किस्त्ना' आणि केरळच्या किनाऱ्यावरचे 'वरुणा' होते. अमेरिकेने पाठवलेले 'अँटन ब्रुन' हे पूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे सरकारी सैरसपाट्याचे जहाज. त्याचे संशोधन जहाज केले आणि १९६३ मध्ये ते मुंबईत आले. या मोहिमेतून भारतात जी माणसे आणि जो अनुभव तयार झाला, त्यांतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज गोव्यात दोना पावला इथे आहे. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक.

पण या संस्थेकडे स्वतःचे मोठे जहाज नव्हते. दहा वर्षे नौदलाच्या किंवा इतरांच्या जहाजांवर जागा मागून काम करावे लागले. दुसऱ्याच्या होडीतून मासेमारी करणाऱ्याला हे कळेल : वेळ त्याची, दिशा त्याची, उरलेली जागा आपली. १९७६ मध्ये गवेषणी आले. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत गाळ वाहणाऱ्या बार्जचे रूपांतर करून ते तयार झाले होते. लांबी ६८ मीटरच्या आसपास. बंदरातला गाळ नेण्यासाठी आखलेले जहाज समुद्राच्या तळाचा गाळ तपासायला निघाले.

तेव्हा संस्थेचे संचालक होते डॉ. सैयद जहूर कासिम. जन्म १९२६ मध्ये अलाहाबादचा. अलीगढला शिकले, तिथेच शिकवले, वेल्समध्ये पीएच.डी. केली, कोचीनच्या मत्स्यसंशोधन संस्थेचे प्रमुख झाले आणि १९७४ मध्ये गोव्याला आले. त्यांच्याच काळात २६ जानेवारी १९८१ रोजी गवेषणीने हिंदी महासागराच्या तळावरून पहिल्यांदा बहुधातूच्या गाठी वर आणल्या. बटाट्याएवढ्या काळ्या गाठी. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते, आणि दहा लाख वर्षांत त्या अवघ्या काही मिलिमीटर वाढतात. प्रजासत्ताक दिनी दिल्लीत संचलन चालू असताना इथे जहाजाच्या डेकवर माती-चिखलाने भरलेले हात त्या गाठी धूत असतील. हे चित्र मला संचलनापेक्षा कमी मोलाचे वाटत नाही. या शोधामागच्या भूशास्त्रज्ञांत डॉ. हसन नसीम सिद्दीकी हे प्रमुख नाव. त्यांना १९७८ चा भटनागर पुरस्कार मिळाला होता. पुढे तेही संस्थेचे संचालक झाले आणि १९८६ मध्ये अकाली गेले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातले दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या गाठींच्या शोधासाठी भारताला मिळाले. असा हक्क मिळवणारा भारत हा पहिला देश.

१९८१ च्या ६ डिसेंबरला गोव्याहून आणखी एक जहाज निघाले, 'पोलर सर्कल'. नॉर्वेहून भाड्याने घेतलेले. त्यावर भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम होती. एकवीस माणसे, आणि नेते कासिम. ९ जानेवारी १९८२ रोजी ते बर्फावर उतरले. दोन वर्षांनी तिसऱ्या मोहिमेत डॉ. अदिती पंत गेल्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या पहिल्या दोन महिला. अदिती पंत नागपूरच्या जन्मलेल्या आणि याच गोव्याच्या संस्थेतल्या. कासिम पुढे जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू आणि नियोजन आयोगाचे सदस्य झाले, २०१५ मध्ये वारले. मी बी.एड. झाले, उर्दूतही शिकले, मराठीतही शिकले. या माणसाचे नाव मला एकाही पाठ्यपुस्तकात भेटले नाही.

मबाहिसला दिसलेला प्राणवायू नसलेला थर या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढे अभ्यासला. त्यात डॉ. सैयद वाजिह अहमद नक्वी यांचे काम मोठे. २००० साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'नेचर' या नियतकालिकात मांडले, की पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे कमी प्राणवायूचे पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागापर्यंत येते, ही स्थिती तीव्र होत आहे आणि तिथून हवामान तापवणारा नायट्रस ऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. त्यासाठी गोव्याच्या कांदोळीसमोर एका ठरावीक जागी वर्षानुवर्षे जाऊन पाणी भरून आणावे लागते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात तेव्हाच्या पाण्याबद्दलचे हे ज्ञान आहे. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या घरची चूल त्या पाण्यावर चालते.

नावाचा अर्थ

आता पुन्हा नावांकडे. इंग्रजी इन्व्हेस्टिगेटरच्या मुळाशी लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ पावलांचा ठसा. ठसे बघत माग काढणारा तो इन्व्हेस्टिगेटर. गवेषणा हा संस्कृत शब्द 'गो' आणि 'एषणा' यांचा. मूळ अर्थ हरवलेली गाय शोधणे. आणि अरबी 'बहस'चा जुना अर्थ माती उकरणे. कुरआनातल्या हजरत आदमच्या दोन मुलांच्या गोष्टीत कावळा जमीन उकरून दाखवतो, तिथे हेच क्रियापद येते. पारधी, गुराखी आणि जमीन उकरणारा पक्षी. तिन्ही शब्द जमिनीवरच्या साध्या कामातून आले आणि समुद्रावर गेले. राजाच्या किंवा विद्वानाच्या कामातून यातला एकही आला नाही.

आम्ही मात्र बहस म्हणजे बोलणे असे धरून बसलो आहोत. आमच्या वस्तीत रोज बहस होते. चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपवर, निवडणुकीत, मशिदीबाहेर. कोणत्या शतकात आपण काय होतो यावर फार होते. उकरणे कमी. शाळेतले ते पोस्टरही मला आता बहसच वाटते, कोणाला तरी उत्तर द्यायला केलेले.

इथे माझीही एक चूक सांगते. कासिम, सिद्दीकी, नक्वी ही नावे सापडली तेव्हा मी आनंदाने नवी यादी करायला बसले. पणिक्कर गाळले, पंत गाळल्या. तीन नावे 'आपली' म्हणून अलग काढली. मग लक्षात आले, की मी तेच करते आहे जे इन्व्हेस्टिगेटरच्या कागदांनी खलाशांचे केले. जहाज असे चालत नाही. पाच हजार मीटरवर उपकरण सोडायचे, सेकंदाला एक मीटर वेग धरला तरी खाली जायलाच ८३ मिनिटे लागतात आणि वर यायला तेवढीच. त्या पावणेतीन तासांत यंत्रावर एक, दोराकडे एक, सुकाणूवर एक, वहीत आकडे लिहिणारा एक आणि भटारखान्यात चहा करणारा एक. एकाचा हात चुकला तर खालून काहीच वर येत नाही. कासिम यांचे मोठेपण हे, की त्यांच्यासारखी माणसे अशा जहाजाची आणि संस्थेची घडी बसवतात. त्यांना त्या घडीतून काढून भिंतीवर एकटे टांगले, तर त्यांचे काम आपल्याला कळलेच नाही असे होईल.

तरीही मुलांना ती नावे कळायला हवीत. हे मी ठामपणे म्हणते. ज्या मुलीला आयुष्यभर सांगितले जाते की हे आपले काम नाही, तिला सैयद जहूर कासिम हे नाव ऐकून पाठ थोडी ताठ करता येते, आणि अदिती पंत हे नाव ऐकूनही. दोन्ही हवीत.

गेल्या विज्ञान दिनाला आम्ही पोस्टर बदलले. जुनी नावे काढली नाहीत, ती आपलीच आहेत. शेजारी तीन जहाजे काढली. प्रत्येक जहाजाखाली त्यावरच्या माणसांची नावे लिहिली, कोणत्या धर्माचे हे न बघता. इन्व्हेस्टिगेटरखाली अल्कॉक, चौधरी, मंडल आणि त्यांच्या पुढे एक रिकामी चौकट. चौकटीवर मुलांनी लिहिले : सारंग, टिंडाल, सुकाणी, आगवाला, भंडारी, खलाशी. नावे नाहीत, म्हणून कामे लिहिली.

सुट्टीचा प्रश्न विचारणारी मुलगी आता दहावी झाली. तिला विज्ञान शाखेत जायचे होते. विज्ञानाचे कनिष्ठ महाविद्यालय बसने तासाभराच्या अंतरावर, घरचे कला शाखेवर अडून बसलेले. वडील जहाजावर, त्यामुळे निर्णय फोनवर. मी दोनदा घरी गेले. पहिल्या खेपेला तिची दादी म्हणाली, "मुलीच्या जातीला दर्यावर काय काम, टीचर?" दुसऱ्या खेपेला मी अदिती पंत यांचा बर्फातला फोटो नेला होता. दादीने तो बराच वेळ हातात धरला आणि विचारले, "हिचे घरचे सोबत होते का?" मी खरे तेच सांगितले, की नव्हते. प्रवेश झाला आहे, पण बसच्या पासचे आणि संध्याकाळी उशिरा परतण्याचे भांडण अजून चालू आहे. पुढे काय होईल ते तिच्या हातात आहे, थोडे आमच्याही.

वाचकांकडे एकच मागणे. तुमच्या घरी, तुमच्या आजोळी, माळ्यावरच्या पेटीत कोणाची नली असेल, जुनी, वाळवी लागलेली, तर ती फेकू नका. उघडून जहाजांची नावे वाचा. त्यात एखादे सर्वेक्षणाचे, मोजणीचे जहाज सापडले तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि आजोबांचे पूर्ण नाव खाली लिहा. आमच्या पोस्टरवरची चौकट अजून रिकामी आहे.